रुपयांत बिल दिलं, तरी वर परदेशी चार्ज कसा?

प्रश्न : आम्ही दोघं गेल्या वर्षी थायलंडला गेलो होतो. हॉटेलचं बिल १६,००० बाट झालं. काउंटरवरच्या मुलीने मशीन पुढे केलं, त्यावर ४२,४०० रुपये असा आकडा होता. आपल्या रुपयांत आहे म्हणून हायसं वाटलं आणि क्रेडिट कार्ड लावलं. स्टेटमेंट आलं तेव्हा त्याखाली आणखी दोन ओळी : ४२४ रुपये आणि ७६ रुपये ३२ पैसे. बँकेत विचारलं तर ‘इंटरनॅशनल चार्जेस’ एवढंच उत्तर मिळालं. त्या सुमाराला बाट अडीच रुपयांना होता. शिवाय डेबिट कार्डाने चार वेळा पाच-पाच हजार बाट काढले, त्याचेही बरेच पैसे कापले गेले. आता मे महिन्यात टूर कंपनीबरोबर पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली आणि पुढे दहा दिवस म्युनिकला मुलाकडे जायचंय. वरखर्चाला ३,००० युरो धरलेत. बँकेतले लोक फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी परदेशी चलन भरून ठेवायचं कार्ड, घ्या म्हणतात, दीर म्हणतात झीरो मार्कअपचं क्रेडिट कार्ड घ्या, आणि शेजारचे सांगतात की परदेशात कार्ड वापरलं की २० टक्के टॅक्स कापतात. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, स्टेटमेंट जपून ठेवलंत हे फार बरं केलंत. त्या दोन ओळींतच सगळी गोम आहे.

१६,००० बाट गुणिले अडीच म्हणजे ४०,००० रुपये. तुमच्या पावतीवर ४२,४०० होते. म्हणजे बाटचा भाव तुम्हाला २ रुपये ६५ पैसे लावला गेला, सहा टक्के चढा. हा भाव तुमच्या बँकेने लावला नाही, व्हिसा-मास्टरकार्डनेही नाही. तो लावला हॉटेलच्या मशीनमागच्या कंपनीने. परदेशी कार्ड ओळखलं की मशीन विचारतं, तुमच्या देशाच्या चलनात पैसे देणार का? ‘हो’ म्हटलं की बदल्याचा भाव त्यांच्या मर्जीचा, आणि त्यातला काही वाटा दुकानदारालाही मिळतो. म्हणूनच काउंटरवरची माणसं न विचारता रुपयांचं बटण दाबून मशीन आपल्यापुढे धरतात. या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, बँकेच्या कागदांत डीसीसी.

आता ते ४२४ रुपये. ते ४२,४०० चे बरोबर एक टक्का आहेत, आणि ७६.३२ हा त्यावरचा १८ टक्के जीएसटी. आपल्याकडच्या अनेक बँका परदेशी दुकानदाराने रुपयांत केलेल्या व्यवहारावरही एक टक्क्याच्या आसपास आकार घेतात. व्यवहार कुठल्या चलनात झाला याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, दुकानदार कुठल्या देशात नोंदलेला आहे एवढंच त्या बघतात. त्यामुळे सांगलीत घरी बसून एखाद्या परदेशी संकेतस्थळावर हॉटेल बुक केलं आणि किंमत रुपयांत दिसली, तरी महिनाअखेर हीच ओळ उमटू शकते.

तेव्हा तुम्हाला ते बिल पडलं ४२,९०० रुपये ३२ पैशांना. त्याच कार्डाने बाटमध्ये दिलं असतं तर? बहुतेक साध्या क्रेडिट कार्डांवर परदेशी चलनाचा मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक वर लावते तो आकार, साडेतीन टक्के असतो, वर मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, एकूण ४.१३ टक्के. म्हणजे ४०,००० वर १,४०० अधिक २५२, मिळून ४१,६५२. ज्याला आपण महाग म्हणतो तो मार्कअप भरूनही साधारण साडेबाराशे रुपये वाचले असते.

म्हणून या प्रवासात एक गोष्ट दोघांनीही पाठ करून ठेवा : मशीनवर रुपयाचं चिन्ह किंवा ‘आयएनआर’ दिसलं की कार्ड लावायचं नाही. फ्रान्स-इटली-जर्मनीत ‘युरो’ म्हणायचं, स्वित्झर्लंडमध्ये ‘फ्रँक’. स्वित्झर्लंडमध्ये पर्यटकांच्या दुकानांत कधीकधी ‘युरो चालतील का’ असंही विचारतात, तिथेही उत्तर फ्रँकच. ज्या देशात उभे आहात तिथलं चलन, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे.

मशीन चकवतं कसं तेही बघून ठेवा. पडद्यावर दोन पर्याय येतात. वर ठळक अक्षरांत रुपयांचा आकडा, बरेचदा हिरव्या बटणासमोर. खाली बारीक अक्षरांत युरोचा. एटीएमवर हा डाव आणखी पक्का असतो. रक्कम टाकली की ‘कन्व्हर्जन स्वीकारा’ आणि ‘कन्व्हर्जन नाकारा’ अशी दोन बटणं येतात, आणि ‘नाकारा’ दाबलं तर पैसेच येणार नाहीत की काय, असं वाटून माणूस ‘स्वीकारा’ दाबतो. नाकारल्याने व्यवहार रद्द होत नाही. नोटा तितक्याच येतात, फक्त हिशोब युरोत होतो. काही यंत्रं नाकारल्यावर ‘नक्की का?’ असं पुन्हा विचारतात. पुन्हा नाकारा.

आणि चुकून रुपयांत झालंच, तर तिथल्या तिथे, कार्ड हातात असतानाच, व्यवहार रद्द करून युरोत पुन्हा करायला सांगा. पावती घेऊन बाहेर पडलात की प्रकरण अवघड होतं, कारण पावतीवर ‘मला चलनाची निवड दिली होती’ अशा अर्थाचं वाक्य छापलेलं असतं. न विचारताच रुपये लावले असतील तर पावतीचा फोटो जोडून आपल्या बँकेत लेखी तक्रार करता येते, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येतं. पण साडेबाराशे रुपयांसाठी तो खटाटोप करण्यापेक्षा काउंटरवर अर्धा मिनिट अडून बसणं सोपं.

एटीएमचं गणित वेगळं आहे, आणि तिथे तुमचं नुकसान टक्केवारीने जास्त झालं. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर स्थानिक बँक दर खेपेला २२० बाटच्या घरात आकार घेते, मग हजार काढा की वीस हजार. वर आपली बँक : साडेतीन टक्के मार्कअप, दर खेपेचे साधारण सव्वाशे-दीडशे रुपये, आणि दोन्हींवर जीएसटी. दीडशे धरून ५,००० बाटचा हिशोब मांडू. २२० बाटचे ५५० रुपये. ५,२२० बाट म्हणजे १३,०५० रुपयांवर मार्कअप ४५७. त्यात १५०, आणि जीएसटी १०९. बेरीज १,२६६ रुपये, म्हणजे हातात आलेल्या साडेबारा हजारांवर दहा टक्क्यांहून जास्त. असं चार वेळा झालं, पाच हजार रुपये गेले. तेच २०,००० बाट एकदम काढले असते तर सगळं मिळून २,८१५ रुपयांत भागलं असतं. तिथे कार्ड घालून नुसती शिल्लक बघितली तरी २५ रुपयांच्या आसपास आकार पडतो. शिल्लक बघायची तर मोबाइल ॲपवर.

क्रेडिट कार्डाने मात्र एटीएममधून पैसे काढू नका, कितीही अडलं तरी. १०० युरो काढलेत, आणि हिशोबाला सोपं म्हणून युरो १०० रुपयांना धरला, तर १०,००० वर रोख उचलीचा आकार किमान ५०० रुपये, मार्कअप ३५०, दोन्हींवर जीएसटी १५३. आणि व्याज पहिल्या दिवसापासून, खरेदीसारखी ४५-५० दिवसांची सवलत नाही. महिन्याला पावणेचार टक्के दराने ३० दिवसांचे ३७५, त्यावर पुन्हा जीएसटी. दहा हजारांसाठी साडेचौदाशेच्या घरात.

आता मुख्य प्रश्न, दीर की बँक. आमचं मत दिरांच्या बाजूने, पण बँक म्हणते तेही अगदीच वावगं नाही.

फॉरेक्स कार्डावर ‘शून्य मार्कअप’ असं लिहिलेलं असतं, ते खरंही असतं. कार्डात युरो भरलेले आणि खर्चही युरोत, तर वापरताना काही कापलं जात नाही. पण नफा आधीच काढून घेतलेला असतो, युरो विकतानाच्या भावात. शाखेत जाल त्या दिवशी मोबाइलवर युरोचा बाजारभाव बघा आणि काउंटरवर विचारा, ‘कार्डात भरायचा आजचा भाव काय?’ बाजारात १०० आणि ते १०२ म्हणाले, तर तुमचा मार्कअप दोन टक्के. १०२ रुपये ५० पैसे म्हणाले तर घासाघीस करा. हजार-दोन हजार युरो घेणाऱ्या गिऱ्हाइकाला शाखा भाव थोडा सोडते, आणि परवानाधारक मनी चेंजरचा भाव हाताशी असेल तर लवकर सोडते. शिवाय चलन विकत घेताना जीएसटी लागतो, तो अख्ख्या रकमेवर नाही : एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्क्यावर, पुढे दहा लाखांपर्यंत एक हजार अधिक वरच्या रकमेच्या अर्ध्या टक्क्यावर, १८ टक्के दराने. तीन लाख सहा हजारांचे युरो घेतलेत तर हा जीएसटी ३६५ रुपये होतो.

तुमचे ३,००० युरो साध्या क्रेडिट कार्डाने खर्च झाले तर शंभराच्या भावाने ४.१३ टक्के म्हणजे १२,३९० रुपये वर जातील. दोन टक्के चढ्या भावाच्या फॉरेक्स कार्डाने सुमारे ६,४००, अधिक कार्ड काढायचे शे-पाचशे. झीरो मार्कअपच्या क्रेडिट कार्डाने जवळजवळ काही नाही. तिथे व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवसाचा भाव लागतो आणि तो बाजारभावाच्या अगदी जवळ असतो. दोघांच्याही संकेतस्थळांवर तारीख टाकून तो बघता येतो.

झीरो मार्कअपच्या कार्डाला वार्षिक फी असेल तर एक भागाकार करा. हजार रुपये फी म्हणजे जीएसटी धरून १,१८०. भागिले ४.१३ टक्के, म्हणजे साधारण २८,५०० रुपये परदेशी खर्च झाला की फी वसूल. तुमचा खर्च त्याच्या दसपट आहे. जाहिरातीवर मात्र जाऊ नका, कार्डाच्या ‘सर्वात महत्त्वाच्या अटी व शर्ती’ नावाच्या पत्रकात ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ची ओळ स्वतः वाचा. काही कार्डांवर तिथे दोन टक्के लिहिलेलं असतं आणि विकणारा ‘जवळजवळ झीरो’ म्हणतो. दोनवर जीएसटी धरून ते २.३६ होतं, म्हणजे फॉरेक्स कार्डाहून फार काही बरं नाही. अर्ज आताच करा. मिळकतीचे कागद आणि पडताळणी यांत आठवडे जातात. तुम्ही निवृत्त असाल आणि त्यामुळे कार्ड मिळायला अडचण आली, तर मुदतठेवीवर मिळणारी क्रेडिट कार्डं असतात, तीही मार्कअपची ओळ बघूनच घ्या.

फॉरेक्स कार्डाचा खरा घोळ तुमच्यासारख्या प्रवासातच होतो, कारण स्वित्झर्लंड युरोवाला देश नाही. कार्डात नुसते युरो असतील आणि तिथल्या टिटलिस शिखराच्या पायथ्याशी फ्रँकमध्ये चॉकलेटं घेतलीत, तर बँक युरोचे फ्रँक करते आणि त्यावर क्रॉस करन्सी आकार लावते, बहुतेक ठिकाणी तीन-साडेतीन टक्के. चढा भाव भरून युरो घेतले आणि परत वर हे. बहुचलनी कार्डात फ्रँकचा वेगळा कप्पा करता येतो, पण फ्रँक उरले तर तेही परत विकताना तोटा. म्हणून फॉरेक्स कार्ड घेतलंत तर त्यात फक्त युरो भरा, फार तर ७००-८००, आणि स्वित्झर्लंडमध्ये ते पाकिटातून काढूच नका. तिथे क्रेडिट कार्ड.

मग फॉरेक्स कार्ड हवंच कशाला? दुसरं कार्ड म्हणून. पहिलं हरवलं, यंत्राने गिळलं, बँकेने संशयाने बंद केलं, तर हात रिकामे नकोत. ते बचत खात्याला जोडलेलं नसतं, म्हणून चोरीला गेलं तरी त्यातल्या शिलकीपुरतंच नुकसान. एटीएममधून युरो काढायलाही तेच वापरा, खेपेला दोनेक युरोचा आकार पडेल, टक्केवारी नाही. एक कार्ड तुमच्याकडे, दुसरं यजमानांकडे, एकाच पर्समध्ये दोन्ही नकोत. तुमचं डेबिट कार्ड रुपेचं असेल तर युरोपात त्यावर भिस्त ठेवू नका. यूपीआयवरही नको, पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटाला २०२४ पासून यूपीआय चालतं खरं, पण कोपऱ्यावरच्या बेकरीत नाही.

रोख थोडी लागेलच. सार्वजनिक स्वच्छतागृहांना अर्धा-एक युरो, जर्मनीतल्या काही छोट्या बेकऱ्या आणि बाजारातले गाळे, टूरवर कुणाला द्यायची टिप. दोघांत मिळून २५०-३०० युरो सांगलीहूनच घ्या, पाच-दहाच्या नोटा मागून. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन लागेल. निघण्याआधी ६० दिवसांपर्यंत घेता येतं, आणि ५० हजार रुपयांच्या वर घेत असाल तर पैसे चेकने किंवा खात्यातून द्यावे लागतात. मुंबई विमानतळावर बदलायचं ठेवू नका, तिथला भाव बघून डोळे पांढरे होतील. स्वित्झर्लंडच्या दुकानांत युरोच्या नोटा घेतात, सुटे मात्र फ्रँकमध्ये आणि त्यांच्या भावाने परत देतात.

शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धवट ऐकीव आहे. परदेशात असताना आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत, धरत नाहीत. २०२३ साली तो धरायचं सरकारने जाहीर केलं होतं आणि जूनअखेर ते पुढे ढकललं. चर्चा मात्र तेव्हापासून फिरतेय. फॉरेक्स आणि डेबिट कार्डाचा खर्च त्यात धरतात. पण तिथेही टीसीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कापला जाणारा कर (शेजारी म्हणतात तो टॅक्स हाच), लागतो तो माणशी, एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर. ही मर्यादा आधी ७ लाख होती, १ एप्रिल २०२५ पासून १० लाख झाली. तुमचे तीन लाख कुठेच बसत नाहीत. टूर कंपनीने पॅकेजच्या बिलात जो टीसीएस लावला असेल तो निराळा, त्याचे नियम वेगळे. तोही बुडीत नाही : तुमच्या पॅनवर आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. बिल ज्याच्या नावावर, परतावा त्याला, तेव्हा दोघांची बिलं वेगळी मागा.

निघण्याआधी कार्डाच्या ॲपमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय वापर’ चालू करा. ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं फक्त भारतातल्या वापरासाठी चालू होऊन येतात, परदेशी, ऑनलाइन आणि टॅपचा (कार्ड नुसतं मशीनला टेकवून पैसे द्यायचा) वापर आपण उघडायचा असतो. तिन्ही वेगवेगळी बटणं आहेत. पहिलं चालू केलं आणि टॅपचं राहिलं, तर मेट्रोच्या दारात अडकाल. मर्यादाही तिथेच घाला, दिवसाला ५० हजार पुरे. नव्या कार्डाचा पिन घरीच तयार करा आणि सांगलीतल्या एखाद्या दुकानात कार्ड घालून, पिन टाकून एकदा वापरून बघा. तिकडच्या तिकीट यंत्रांवर पिन चुकला तर सांगायला कुणी नसतं.

सिमकार्डाची गफलत बरीच मंडळी करतात. विमानतळावर भारतीय सिम काढून परदेशी घालतात, आणि बँकेचं ॲप सिम बदललं म्हणून पुन्हा नोंदणी मागतं. ओटीपीही येत नाही. भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या, रोमिंग चालू, त्यावरचा डेटा बंद. परदेशी सिम दुसऱ्या खाचेत किंवा ई-सिम घ्या. कित्येक परदेशी संकेतस्थळं ओटीपी न मागताच पैसे घेतात, तेव्हा खर्चाचा प्रत्येक मेसेज वाचत जा. न केलेला खर्च दिसला तर कार्ड लगेच ब्लॉक करून बँकेला कळवा. आपली चूक नसताना तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपल्यावर बोजा येत नाही.

हॉटेलात अनामत म्हणून कार्ड मागितलं तर क्रेडिट कार्ड द्या, फॉरेक्स नाही. ते रक्कम अडकवून ठेवतात आणि सोडायला आठवडा, कधी त्याहून जास्त लावतात. क्रेडिट कार्डात तेवढी मर्यादा अडते, फॉरेक्स कार्डात तुमचे खरे पैसे अडतात आणि तोवर प्रवास संपतो. वस्तू परत केली तर परतावा त्या दिवशीच्या भावाने येतो, आणि साध्या कार्डावर कापलेला मार्कअप बहुधा परत येत नाही.

टूर संपून म्युनिकला पोहोचलात की फॉरेक्स कार्डावर किती उरलंय ते बघा. इथे परत आणून मोडलंत तर बँक खरेदीच्या भावाने घेते, विक्रीपेक्षा चांगलाच खाली, आणि तसंच ठेवलं तर काही बँका न वापरल्याचा आकार लावतात. त्यापेक्षा दहा दिवसांचं घरचं किराणा त्याच कार्डाने भरा. शेवटी ११ युरो ४० सेंट उरले असतील तर दुकानात सांगा, ११.४० या कार्डावर, बाकीचे रोख. आधी रक्कम सांगितली नाही तर मशीन पूर्ण बिल मागतं आणि कार्ड नाकारलं जातं. सुटी नाणी मुलाकडेच ठेवून या. नाणी इथे कुणी बदलून देत नाही.